पिसवा, उवा आणि ताप : खेड्यात उंदरांवर विष टाकण्यापूर्वी

धागाकर्ता : वाळपईकर

सरदाचे (पावसाळी) भात कापून घरात आले की त्याच्या मागोमाग उंदीर माळ्यावर येतात, हे गोव्यातील सत्तरी, डिचोली, सांगे भागातील कोणालाही नव्याने सांगायला नको. यंदा आमच्या भागातील ग्रामसभेत उंदरांसाठी घरोघरी विष वाटावे, अशी मागणी झाली. मागणी रास्त आहे. मात्र विष टाकण्याआधी करावयाचे एक काम सगळेच विसरतात, आणि ते विसरल्यामुळे उपाय अपायकारक ठरू शकतो. त्यासाठीच हा धागा काढतो आहे. मी आरोग्य खात्यात कीटक नियंत्रणाच्या कामात नोकरी करून निवृत्त झालो. कामाच्या निमित्ताने जे शिकलो आणि वाचले, ते येथे मांडतो.

उंदराच्या अंगावर पिसवा असतात. उंदीर जिवंत असतो तोवर त्या बहुधा त्याला सोडत नाहीत, कारण त्यांना हवे ते ऊबदार अंग आणि रक्त तेथेच मिळते. उंदीर मेला आणि त्याचे अंग थंड पडू लागले की पिसवा त्याला सोडून दुसरे ऊबदार अंग शोधतात. जवळ दुसरा उंदीर नसेल तर मांजर, कुत्रा किंवा माळ्याखाली झोपलेला माणूस त्यांच्या वाट्याला येतो. एकाच आठवड्यात साऱ्या वाड्यावरचे उंदीर विषाने मारले, तर त्यांच्या अंगावरच्या सगळ्या पिसवा एकाच वेळी निराधार होतात. म्हणून आधी बिळांच्या तोंडाशी आणि उंदरांच्या वाटांवर पिसूनाशक भुकटी टाकायची, पिसवा मरू द्यायच्या आणि मगच उंदरांकडे वळायचे, असा क्रम प्लेगच्या काळापासून सांगितला जातो. आजही तो बदललेला नाही.

पिसवा चावल्यामुळे अंगाला खाज सुटते आणि गांधी उठतात, एवढाच प्रश्न असता तर मी येथे लिहिले नसते. उंदरांच्या पिसवांकडून माणसाला होणारा एक ताप आहे; त्याला म्युरिन टायफस म्हणतात. रिकेट्सिया टायफी हा त्याचा जंतू. (आपण ज्याला टायफॉइड म्हणतो, तो याहून पूर्ण वेगळा आजार असून दूषित अन्नपाण्यातून होतो.) हा जंतू पिसूच्या सोंडेतून आत शिरत नाही, निदान मुख्यतः तरी नाही. पिसू रक्त पिताना तेथेच विष्ठा टाकते, माणूस खाजवतो आणि नखाने ती विष्ठा चावलेल्या जागी चोळली जाते. आठवडा ते दोन आठवड्यांनी ताप चढतो, डोके विलक्षण ठणकते, अंग मोडून येते. काहींना छातीपोटावर पुरळ उठते, पण सावळ्या अंगावर ते पुष्कळदा लक्षातच येत नाही. हा मुळात उबदार हवेच्या, किनाऱ्यालगतच्या, बंदर आणि धान्याची कोठारे असलेल्या प्रदेशांचा आजार आहे. ते वर्णन वाचून आपला प्रदेश डोळ्यांपुढे येतो, म्हणून मला त्याची काळजी वाटते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. प्लेगने उंदीर मरतात. म्युरिन टायफसच्या जंतूने उंदीर आजारीसुद्धा दिसत नाही आणि पिसूही मरत नाही. ‘आमच्याकडे उंदीर पडत नाहीत, तेव्हा भीती नाही’ हे म्हणणे प्लेगपुरते खरे असेल, पण या तापाला ते लागू पडत नाही.

आपापल्या गावचे अनुभव आणि प्रश्न कृपया येथे लिहावेत.

फोंड्याची माटोळी

धागा वाचून काळजी वाटली, म्हणून विचारते. माझ्या मुलीच्या शाळेत पावसाळा सुरू झाला की मुलींच्या डोक्यात उवा होतात. दर रविवारी फणी घेऊन बसावे लागते, आणि लिखा तरीही राहतातच. धाग्याच्या नावात उवांचाही उल्लेख आहे. डोक्यातील उवांमुळे असा ताप येतो का? काही पालकांनी उवा असलेल्या मुलींना वेगळे बसवण्याची मागणी केली आहे. ती मला योग्य वाटत नाही, पण ठामपणे विरोध करण्याइतकी माहितीही माझ्याजवळ नाही.

धागाकर्ता : वाळपईकर

माटोळीताई, ठामपणे विरोध करा. माणसाच्या अंगावर राहणाऱ्या उवा एकाच प्रकारच्या नसतात. डोक्यातील ऊ केसांत राहते आणि लिखा केसांना चिकटवते. अंगावरची ऊ कपड्यांच्या शिवणीत राहते, तेथेच अंडी घालते आणि रक्त पिण्यापुरती कातडीवर येते. उवांचा टायफस (पिसवांच्या म्युरिन टायफसहून हा वेगळा), खंदकज्वर आणि उलटून येणारा ताप हे तिन्ही आजार पसरवते ती ही कपड्यांतली ऊ. डोक्यातील उवांनी खाज येते, खाजवून जखमा होतात, त्या चिघळतात आणि मुलांची झोप मोडते. परंतु त्यांनी या तापांची साथ पसरल्याचा अनुभव नाही. मुलीला वेगळे बसवून केवळ तिचा अपमान होईल. बारीक दातांची फणी, ओल्या केसांतून तेल लावून विंचरणे आणि घरातील सर्वांचे डोके एकाच दिवशी तपासणे यानेच उवा जातात. औषध लावले असेल तर सात ते दहा दिवसांनी ते पुन्हा लावावे लागते, कारण पुष्कळ औषधांनी लिखा मरत नाहीत.

कपड्यांतल्या उवेला जगण्यासाठी एकच कपडा दिवसरात्र अंगावर राहिलेला हवा असतो. ज्याला रोज आंघोळ करता येते आणि जो कपडे बदलून उन्हात वाळत घालतो, त्याच्या अंगावर ती टिकत नाही. म्हणूनच तिचा इतिहास थंड मुलखातील सैनिकांचा, कैद्यांचा आणि निर्वासितांचा इतिहास आहे. शार्ल निकोल या फ्रेंच शास्त्रज्ञाने ट्युनिसच्या इस्पितळात पाहिले, की टायफसचे रुग्ण दारात असेपर्यंत इतरांना लागण देतात. आंघोळ घालून आणि त्यांचे कपडे काढून घेऊन त्यांना आत नेले की लागण थांबते. आजार कपड्यांबरोबर दाराबाहेर राहतो, या एका निरीक्षणावरून त्याने 1909 मध्ये उवेचा दोष सिद्ध केला आणि 1928 चे नोबेल पारितोषिक त्याला मिळाले. या जंतूचे नाव रिकेट्सिया प्रोवाझेकी. ज्यांच्यावरून ते पडले, ते रिकेट्स 1910 मध्ये आणि प्रोवाझेक 1915 मध्ये याच आजाराचा अभ्यास करताना त्याच आजाराने दगावले.

पेडणेकर, सध्या मुंबई

आमचे मूळ घर पेडण्यात आहे. आम्ही ते चवथीला आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत उघडतो. एरवी ते बंद असते. मागच्या चवथीच्या आधी घर उघडून आत गेलो आणि काही मिनिटांतच घोट्यापासून पोटऱ्यांपर्यंत पिसवा चढल्या. घरात कुत्रा नाही, मांजर नाही आणि कित्येक महिने माणूसही नव्हता. मग एवढ्या पिसवा जगल्या कशावर? शेजारी म्हणाले, मातीतून उत्पन्न होतात. मला ते पटले नाही, पण दुसरे उत्तरही सुचले नाही.

गोठ्यातला पशुवैद्य

पेडणेकर, मातीतून त्या उत्पन्न होत नाहीत, पण मातीत दडून मात्र नक्की बसतात. आपल्या घरांत सर्वाधिक आढळणारी पिसू ही कुत्र्या-मांजरांची असते. मादी जनावराच्या अंगावर अंडी घालते, एका दिवसात चाळीस-पन्नासपर्यंतही. पण ती अंडी केसांना चिकटत नाहीत, गळून खाली पडतात. जनावर जेथे झोपते तेथे, म्हणजे पडवीच्या कोपऱ्यात, जिन्याखाली, पोत्यांच्या ढिगावर ती साठतात. त्यांतून निघणाऱ्या अळ्या उजेड टाळतात, जमिनीच्या भेगांत शिरतात आणि मोठ्या पिसवांच्या विष्ठेतील वाळलेल्या रक्तावर वाढतात. त्यांना दमट हवा लागते. आपल्या पावसाळ्यात तिची कमतरता नसते.

अळी पुढे कोश विणते. कोशाचा धागा चिकट असल्यामुळे त्याला धूळ आणि माती लागते आणि तो जमिनीपासून वेगळा ओळखू येत नाही. कोशात पिसू पूर्ण तयार होते, पण लगेच बाहेर पडत नाही. पावलांचे हादरे, अंगाची ऊब आणि श्वासातील कार्बन डायऑक्साइड जाणवेपर्यंत ती कित्येक महिने तशीच थांबू शकते. तुम्ही कुलूप काढून आत पाऊल टाकले, खिडक्या उघडल्या, सामान ओढले आणि थांबलेल्या सगळ्या पिसवांना एकाच वेळी जाग आली. घर बंद होण्याआधी एखाद्या मांजरीने तेथे पिल्ले घातली असतील किंवा बंद असताना ती कौलांतून येत-जात असेल, तर एवढे पुरते.

उपायही त्याच क्रमाने करावा लागतो. कोशातील पिसवेला फवारणीचा फारसा उपद्रव होत नाही. म्हणून आधी घर झाडून, भेगांतील धूळ काढून, पोती आणि जुनी वाकळे उन्हात टाकून मग फवारणी करावी, आणि दोन आठवड्यांनी ती पुन्हा करावी. चवथीला जाणार असाल तर आठवडाभर आधी कोणाला तरी घर उघडून झाडायला सांगावे, म्हणजे मुले येण्यापूर्वी पिसवा बाहेर पडलेल्या असतील आणि औषधाला सापडतील. झाडणाऱ्याने पायांत उंच बूट किंवा मोजे घालावेत.

आपल्या कुत्र्याला पिसवा आहेत का, हे पाहण्याची एक सोपी रीत मी पाळणाऱ्यांना दाखवतो. पांढरे कापड ओले करून पिळून जमिनीवर पसरावे, त्यावर कुत्र्याला उभे करावे आणि शेपटीच्या मुळाशी, पाठीवरचे केस उलटे विंचरावे. कापडावर काळे कण पडतात. ते माती असेल तर तसेच राहतात. पिसवांची विष्ठा असेल तर थोड्या वेळात कणाभोवती तांबूस डाग पसरतो, कारण ते पचलेले रक्तच असते. एकही पिसू दिसली नाही आणि असे डाग आले, तर पिसवा आहेत असेच समजावे.

या पिसवांतूनही जंतू येतात. रिकेट्सिया फेलिस नावाचा जंतू मांजरांच्या पिसवांत सापडतो आणि तो मादीकडून अंड्यांत उतरतो, त्यामुळे पिसवांच्या पुढच्या पिढीला तो आयताच मिळतो. मांजर ओरबाडल्यावर काखेत किंवा मानेत गाठ येऊन ताप येतो, तो बार्टोनेला हेन्सेले या जंतूमुळे. तो जंतू मांजराच्या नखांवर येतो तो मुख्यतः पिसवांच्या विष्ठेतूनच. मांजर हाकलून देणे हा यावरचा उपाय नव्हे. हाकललेले मांजर दुसऱ्याच्या माळ्यावर पिल्ले घालते. जनावरांना पिसवांचे औषध नियमाने दिले की बराच प्रश्न सुटतो. एक सावधगिरी मात्र कळकळीने सांगतो. कुत्र्यांसाठी मिळणारे परमेथ्रिनचे औषध मांजराला कधीही लावू नये. त्याने मांजर दगावते.

काजूची बाग

माझी बाग सत्तरीत आहे आणि हंगामात काजू वेचायला बाहेरगावचे कामगार येतात. ते मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात, राहतात. शेजारच्या काही बागायतदारांचे म्हणणे असे, की उवा आणि रोग हे कामगारच घेऊन येतात. मला ते खटकते, पण मागे माकडतापाच्या वेळी आम्ही एवढे घाबरलो होतो, की लोक आता काहीही ऐकले तरी विश्वास ठेवतात. शिवाय माकडताप गोचिडीने होतो, हा ताप पिसवेने होतो, तो उवेने होतो, यात सर्वांचाच गोंधळ होतो. कोणी नीट उलगडून सांगेल का?

धागाकर्ता : वाळपईकर

गोंधळ होणे स्वाभाविक आहे. माकडताप म्हणजे क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. 1957 मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात तो प्रथम ओळखला गेला आणि 2015 मध्ये आपल्या सत्तरीत पाली येथे त्याचा उद्रेक झाला. तो विषाणूचा आजार आहे, जंतूचा नव्हे. त्यावर प्रतिजैविके चालत नाहीत, आणि तो जंगलातील गोचिडीच्या, विशेषतः तिच्या बारीक पिल्लांच्या, चाव्याने होतो. रानात माकडे मेलेली दिसणे ही त्याची खूण आहे. तशी माकडे आढळली की जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवायचे असते.

याखेरीज स्क्रब टायफस म्हणून आणखी एक ताप आहे. तो झुडपांतील सूक्ष्म किडीच्या अळीमुळे होतो. ती अळी गोचीडही नव्हे आणि पिसूही नव्हे, आणि नुसत्या डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही. गोव्यातही त्याचे रुग्ण आढळले आहेत आणि बांबोळीच्या गोमेकॉतील (गोवा वैद्यकीय महाविद्यालयातील) अशा रुग्णांविषयीचा अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला आहे. यात चावल्या जागी विडीचा चटका बसल्यासारखी काळी, न दुखणारी खपली येते, आणि ती काखेत, जांघेत किंवा कंबरेला नाडी बसते तेथे असते. म्हणूनच डॉक्टर ताप आलेल्या बागायतदाराला कपडे सैल करायला सांगतात. त्यात संकोच करू नये. पिसवेच्या तापात अशी खपली येत नाही.

कामगारांविषयी माझे मत स्पष्ट आहे. कपड्यांतल्या उवा ज्या माणसाजवळ दुसरा कपडा नाही, पाणी नाही आणि कपडे वाळवायला जागा नाही, त्याच्या अंगावर होतात. तो माणूस कोणत्या राज्यातला, याच्याशी त्यांचा काही संबंध नाही. बुरुंडीच्या निर्वासित छावण्यांत 1997 मध्ये टायफसने हजारो माणसांना गाठले, ते घरेदारे सुटून थंड डोंगरात एकाच वस्त्रानिशी गर्दीत राहावे लागल्यामुळे. आपल्याकडच्या उबदार हवेत कपड्यांतल्या उवांचा धोका मुळात कमी आहे, आणि जो आहे तो मालकाला सहज दूर करता येतो. मांगराजवळ नळ, धुण्याचा दगड आणि वाळत घालायला दोरी द्यावी, अंथरूण-पांघरूण दर हंगामात वेगळे द्यावे. कोणाच्या कपड्यांत उवा आढळल्याच, तर कपडे उकळत्या पाण्यात धुऊन शिवणीवरून गरम इस्त्री फिरवावी. उवा दिसल्या तर नखांवर चिरडू नयेत, हे मात्र कामगारांना आणि घरच्यांनाही सांगावे. उलटून येणाऱ्या तापाचा जंतू, बोरेलिया रिकरेंटिस, उवेच्या विष्ठेतूनही येतो आणि तिच्या अंगातल्या द्रवातूनही, म्हणजे ती चिरडली की बोटावरच्या ओरखड्यातून आत जाऊ शकतो. टायफसचा जंतू तर वाळलेल्या विष्ठेतही तीन महिन्यांपर्यंत टिकतो, त्यामुळे असे कपडे झटकणेही योग्य नव्हे.

मांगरात पिसवा झाल्या, तर त्या बहुधा तेथे साठवलेल्या काजूबियांवर आणि भातावर येणाऱ्या उंदरांच्या असतात. तो दोष कामगारांवर घालणे अन्यायाचे आहे.

दवाखाना, डिचोली

मी सर्वसाधारण वैद्यकीय व्यवसाय करतो. पावसाळ्यात आणि त्यानंतर आमच्याकडे तापाचे जे रुग्ण येतात, त्यांच्या बाबतीत मनात डेंग्यू, मलेरिया, लेप्टोस्पायरोसिस आणि टायफॉइड ही चार नावे आधी येतात, आणि तसे येणेच योग्य आहे. अडचण पुढे होते. चारही तपासण्या निर्दोष येतात, ताप पाचव्या-सहाव्या दिवशीही उतरत नाही, आणि दरम्यान रुग्णाने औषधांच्या दुकानातून अमॉक्सिसिलिन किंवा सेफिक्सिम घेतलेले असते. रिकेट्सिया माणसाच्या पेशींच्या आत राहतो, आणि पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन गटातील या औषधांचा त्याच्यावर उपयोग होत नाही. डॉक्सिसायक्लिन त्याच्यावर उत्तम चालते. पुष्कळ रुग्णांचा ताप दोन-तीन दिवसांत उतरतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 2015 मध्ये रिकेट्सियाच्या आजारांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत तपासणीचा निकाल येईपर्यंत न थांबता संशय बळकट असेल तर उपचार सुरू करावेत असे सांगितले आहे.

याचे कारण तपासणीच्या स्वरूपात आहे. रक्तातील प्रतिपिंडे तयार व्हायला आठवडाभर लागतो. तिसऱ्या दिवशी केलेली चाचणी निर्दोष आली, यावरून आजार नाही असे म्हणता येत नाही. आमच्याकडे अजूनही सर्रास होणारी वाइल-फेलिक्स चाचणी 1916 सालची आहे. ती स्वस्त आहे, परंतु खरे रुग्ण तीत पुष्कळदा निसटतात. एलायझा पद्धतीची आयजीएम चाचणी अधिक भरवशाची.

वाचकांना माझी विनंती आहे, की तापासाठी डॉक्टरांकडे जाताना स्वतःहून पुढील माहिती द्यावी. घरात किंवा कामाच्या जागी उंदीर वाढले आहेत का, पिसवा चावल्या आहेत का, बंद घर किंवा कोठार अलीकडे उघडले का, रानात किंवा बागेत गेला होता का, शेतातल्या पाण्यात उघड्या पायांनी उभे होता का. रुग्ण ‘ताप आणि डोकेदुखी’ एवढेच सांगतात, आणि गर्दीच्या वेळी डॉक्टरही तेवढ्यावरच थांबतात. ‘माळ्यावर उंदीर फार झालेत’ या एका वाक्याने निदानाची दिशा बदलू शकते.

डॉक्सिसायक्लिनचे नाव मी घेतले, ते विकत आणून घ्यावे म्हणून नव्हे. गर्भवती स्त्रियांसाठी वेगळा विचार करावा लागतो आणि मात्रा वजनाप्रमाणे ठरते. लेप्टोच्या काळात काहींना हेच औषध प्रतिबंधक म्हणून आठवड्यातून एकदा दिले जाते. त्याने पिसवेच्या तापापासूनही संरक्षण होईल, असे गृहीत धरू नये. श्वास लागणे, ग्लानी, लघवी कमी होणे किंवा कावीळ दिसली, तर घरी न थांबता मोठ्या इस्पितळात जावे. म्युरिन टायफस वेळीच ओळखला तर मृत्यू क्वचितच होतो, पण वयस्कर आणि मधुमेही माणसांत तो फुप्फुसांना आणि मूत्रपिंडांना त्रास देऊ शकतो.

साखळीचे वाचनवेडे

प्लेगचा उल्लेख आला म्हणून थोडी भर घालतो. मुंबईत 1896 मध्ये प्लेग आला, तेव्हा जंतू ठाऊक झाला होता. यर्सिन यांनी तो 1894 मध्ये हाँगकाँगला शोधला होता. पण तो उंदरांतून माणसांत कसा येतो, हे कोणी सांगू शकत नव्हते. पुण्यातील घरझडत्या, सामानाची जाळपोळ आणि रोग्यांना ओढून नेणे हे सारे त्या अज्ञानाच्या काळातले. लोक मात्र उंदीर पडू लागले की गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहत, आणि त्यांचे ते शहाणपण पुढे शास्त्राने खरे ठरवले. पॉल-लुई सिमाँ यांनी 1898 मध्ये कराचीत आजारी उंदराच्या पिंजऱ्याजवळ निरोगी उंदीर ठेवला, दोघांचा स्पर्श होऊ दिला नाही, आणि तरी दुसरा उंदीर प्लेगने मेला; मध्ये उडी मारून जाणारी होती ती पिसू. अनेकांनी त्यावर विश्वास ठेवला नाही. मुंबईत लिस्टन यांनी आणि नंतरच्या प्लेग आयोगाने ते पक्के करायला आणखी काही वर्षे गेली. तोवर हुबळी, धारवाड, बेळगाव या आपल्या घाटापलीकडच्या गावांतही प्लेग पोहोचला होता.

1994 मधील बीड जिल्ह्यातील मामला गावाची हकिगत तर आपल्या चर्चेला थेट लागू पडते. भूकंपानंतर लोक घरांबाहेर राहत होते, घरांत धान्य साठलेले होते आणि उंदीर वाढले. ऑगस्टमध्ये गावकऱ्यांनी उंदीर पडत असल्याची आणि पिसवा फार झाल्याची तक्रार केली, आणि गाठीच्या तापाचे, म्हणजे प्लेगचे, रुग्ण त्यानंतर दिसू लागले. पिसवांची तक्रार आधी, रुग्ण नंतर, हा क्रम पाहावा.

फोंड्याची माटोळी

वाळपईकरकाका, उवांविषयीचे उत्तर पालकांच्या सभेत वाचून दाखवले. मुलींना वेगळे बसवण्याचा विषय तेथेच मिटला आणि एकाच रविवारी सर्वांनी घरी डोकी तपासण्याचे ठरले. आता दुसरा प्रश्न विचारते. आमच्या माडांच्या शेंड्यांतही उंदरांची घरटी आहेत. घरातले उंदीर संपवले तरी ते माडावरून कौलांवर उतरतात. भुकटी तेथे कशी टाकणार?

धागाकर्ता : वाळपईकर

माडावर भुकटी टाकण्याच्या फंदात पडू नये. माडाच्या खोडाला माणसाच्या उंचीच्या वर गुळगुळीत पत्र्याचा रुंद पट्टा बसवला की खालून चढणारा उंदीर घसरतो. पण शेजारच्या झाडाच्या किंवा कौलांच्या आधाराने तो पट्ट्याला वळसा घालतो, म्हणून छपरावर आलेल्या झावळ्या आणि फांद्या आधी छाटाव्यात. पट्ट्याइतकेच ते महत्त्वाचे आहे. पोखरलेले, गळून पडलेले नारळ माडाखाली साचू देऊ नयेत.

ग्रामसभेच्या मागणीसंबंधी अनेकांनी खाजगी निरोपातून विचारले, म्हणून अर्जात काय असावे ते लिहितो. विषाच्या मागणीबरोबरच, किंबहुना त्याच्या आधी, पिसवांच्या पाहणीची मागणी करावी. आरोग्य खात्याच्या कीटकशास्त्र विभागाला ही पाहणी नवी नाही. पिंजऱ्यात जिवंत उंदीर पकडून त्यांच्या अंगावरच्या पिसवा विंचरून मोजतात. उंदरांवरच राहणाऱ्या विशिष्ट जातीच्या पिसवा एका उंदरामागे सरासरी एकाहून अधिक निघाल्या, तर तो धोक्याचा इशारा मानला जातो. पिसवा अधिक असतील तर प्रथम बिळांवर आणि उंदरांच्या वाटांवर शिफारस केलेली भुकटी, त्यानंतर काही दिवसांनी विष किंवा सापळे, आणि तेही सर्व वाड्यांवर एकाच वेळी. एका वाड्याने मारायचे आणि दुसऱ्याने महिनाभराने, यात उंदीर फक्त जागा बदलतात. भुकटी कोणती आणि किती, हे खात्याने ठरवावे. भाताच्या कणगीवर किंवा गुरांच्या चाऱ्यावर ती पडता कामा नये, आणि मुलांच्या हाती लागू नये.

तोवर घरी करता येण्यासारखे पुष्कळ आहे. भात पत्र्याच्या झाकणाच्या पिंपात ठेवावे. जमिनीवरचे अंथरूण माळ्याच्या तोंडाखालून हलवावे आणि शक्य तर खाटेवर झोपावे. पिसवा आहेत का हे पाहायचे असेल, तर रात्री खोलीच्या मध्यभागी जमिनीवर पसरट ताटलीत साबणाचे पाणी ठेवून त्यावर दिवा लावावा. पिसवा उजेडाकडे आणि उबेकडे उडी घेतात आणि सकाळी त्या पाण्यात बुडालेल्या दिसतात. त्या तशाच झाकणाच्या बाटलीत घालून, तारीख आणि वाड्याचे नाव लिहून आरोग्य केंद्रात नेऊन द्याव्यात, म्हणजे त्या उंदरांच्या आहेत की कुत्र्या-मांजरांच्या, हे तेथून ओळखून घेता येते आणि अर्जाला आधार मिळतो.

मेलेला उंदीर आढळला तर शेपटीला धरून फेकायची आपली जुनी सवय सोडावी. आधी त्याच्यावर आणि भोवती पिसूनाशक फवारावे, थोडा वेळ जाऊ द्यावा, मग हातात प्लास्टिकची पिशवी घालून उचलावा आणि खोल पुरावा. एकाच वाड्यावर, विष टाकलेले नसताना, अनेक उंदीर मरून पडलेले दिसले तर ते उचलूही नयेत. मुलांना आणि जनावरांना दूर ठेवून त्याच दिवशी आरोग्य केंद्राला कळवावे.

काजूची बाग

मांगरासाठी पाण्याची जोडणी आणि धुण्याचा दगड या आठवड्यात करून घेतो आहे. ताटलीचा प्रयोग काल रात्री केला. पाण्यात पिसवा निघाल्या आहेत आणि बाटली भरून ठेवली आहे. ग्रामसभेपूर्वी ती वाळपईच्या आरोग्य केंद्रात देतो आणि ओळख पटली की येथे लिहितो.

गोठ्यातला पशुवैद्य

बाटलीत साध्या पाण्याऐवजी स्पिरिट घाला, पिसवा कुजणार नाहीत. दुसऱ्या बाटलीत बागेतल्या कुत्र्याच्या अंगावरच्या पिसवा वेगळ्या ठेवून द्या, म्हणजे तुलना करता येईल.